भिशीचे पैसे आपत्तीग्रस्तांना द्यायचेत, कुठे आणि कसे द्यावेत?

राजारामपुरीची_काकू
५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमची बारा जणींची भिशी आहे. वर्षभर थोडे जादा पैसे बाजूला टाकतो आणि दिवाळीच्या आधी कुठंतरी दोन दिवस जाऊन येतो. यंदा सोलापूरकडच्या सीना नदीच्या पुराच्या बातम्या बघून सहलीचं नाव काढायचं कुणाच्याच जिवावर आलं. साठलेले ४८,००० रुपये देऊन टाकायचे ठरलं. कुठे द्यायचे, यावर मात्र एकमत होईना.

दोघी म्हणतात, इथल्या गांधीनगरातून घाऊक भावात साड्या आणि चादरी घेऊ; एका मंडळाचा टेम्पो सोलापूरकडे निघालाय, त्यात चढवू. एक म्हणते मुख्यमंत्री सहायता निधीत भरा, पावती मिळते, डोक्याला ताप नाही. आमच्यात एक निवृत्त सिस्टर आहेत. त्यांनी सुदानमधल्या उपाशी मुलांचा व्हिडिओ दाखवला आणि हे पैसे तिकडे पाठवा म्हणाल्या. त्यावर लगेच दुसरीकडून आलं, "आपली माणसं पाण्यात असताना परदेशात कशाला?" दोघींचंही मला पटतं, हीच अडचण आहे.

वस्तू द्याव्यात की पैसे? सरकारला की संस्थेला? सगळे आत्ताच द्यावेत का? परदेशात पाठवायला कायदा आड येतो का? आणि फसवणूक कशी ओळखायची? आमच्यासाठी ही रक्कम मोठी आहे, ती वाया जाऊ नये. ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी सांगावं.


गिरणीवाली_शिरोळ
५ ऑक्टोबर

काकू, मी शिरोळ तालुक्यातली, कृष्णेच्या काठावरची. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा आमचं घर आणि पिठाची गिरणी पाण्यात होती. मदत कशी द्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतील, मी घेणाऱ्याच्या बाजूनं सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे किती वर ते बघा. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. आम्ही म्हसरं घेऊन उंचावरच्या गावातल्या शाळेत. त्या पहिल्या दिवसांत आम्हाला जगवलं ते आसपासच्या कोरड्या गावांनी. घरटी भाकऱ्या गोळा करून, फडक्यात बांधून, सोबत झुणका आणि ठेचा. सकाळी थापलेली भाकरी दुपारी आमच्या पोटात. त्या बायकांचं ऋण मी कधी विसरणार नाही.

मग रस्ता सुटला आणि लांबून ट्रक यायला लागले. लोकांनी मनापासून पाठवलं होतं, त्यात शंका नाही. पण काय आलं? साड्या, चादरी, जुने कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. पुन्हा साड्या, पुन्हा बिस्किटं. जुन्या कपड्यांत फाटके, बटणं तुटलेले, लहान मुलांचे स्वेटर. ते निवडायला माणूस नाही, ठेवायला कोरडी जागा नाही. शाळेच्या व्हरांड्यात ढीग पडला, त्यावर पाऊस पडला, वास सुटला. शेवटी ट्रॅक्टर लावून तो उचलावा लागला, आणि ज्या पोरांनी घरातला गाळ काढायचा ती कपडे उचलत बसली.

त्याच वेळी आम्हाला काय मिळत नव्हतं ते ऐका. वैरण. बीपी-शुगरच्या गोळ्या. बायकांसाठी पॅड आणि आतले नवे कपडे. गाळ उपसायला फावडी, गमबूट, फिनेल, ब्लीचिंग पावडर. माझ्या सासूबाईंची शुगरची गोळी कुठल्याच ट्रकमध्ये नव्हती, असणार तरी कशी? लांबच्या माणसाला ती सुचणारच नाही.

सरकारनं तेव्हा ग्रामीण भागात कुटुंबाला १०,००० आणि शहरात १५,००० रुपये जाहीर केले, त्यातले ५,००० रोख हातात. रक्कम लहान होती, पण आमच्या गल्लीत तिचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. एकानं म्हशीला वैरण आणली. एकीनं गॅसची शेगडी दुरुस्त करून घेतली. एकीनं पोरीची बारावीची पुस्तकं घेतली. आम्ही औषधं आणली आणि उरलेल्यातनं गिरणीच्या मोटारीचं वाइंडिंग करायला दिलं. प्रत्येक घराची गरज वेगळी, आणि आपल्याला काय पाहिजे ते त्या घराइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता एक गोष्ट सांगते, जी देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मोटार दुरुस्त झाली, दगड धुऊन टाकीनं खरबरीत करून घेतले, गिरणी सुरू केली, आणि दळण येईना. कारण गावात अजून पिठाच्या पिशव्या वाटल्या जात होत्या. पीठ फुकट मिळताना दळायला कोण येणार? किराणा दुकानदाराचं तेच, शिवणकाम करणाऱ्या बाईचं तेच. आम्हीही पूरग्रस्तच होतो, आणि बाहेरनं येणाऱ्या मालानं आमचा धंदा आणखी काही आठवडे बसवला. तेच पैसे माणसांच्या हातात आले असते, तर ते गावातल्याच दुकानात फिरले असते.

दिवाळीपर्यंत ट्रक संपले. टीव्हीवर दुसऱ्या बातम्या आल्या. आमची खरी ओढाताण तेव्हा सुरू झाली: ओल्या भिंती, बुडालेला ऊस, शाळेची फी, सोसायटीचं कर्ज. तेव्हा आमच्याच भागात आधीपासून बचत गटांचं काम करणारी एक छोटी संस्था आली. त्यांच्या बाया घरोघरी बसल्या, वहीत लिहून घेतलं, कुणाला शिलाई मशीन, कुणाला शेळी, कुणाला हातगाडीचा माल. माझ्या गिरणीच्या पट्ट्याचे आणि स्टार्टरचे पैसे त्यांनी थेट इचलकरंजीच्या दुकानदाराला दिले. पुढच्या पावसाळ्यातही विचारपूस करायला आल्या.

म्हणून काकू, पैसे द्या. आणि पुराच्या आधीपासून तिथं ज्यांचा वावर आहे आणि पूर ओसरल्यावरही जे तिथंच राहणार आहेत, त्यांना द्या. निम्मे आत्ता, निम्मे दिवाळी झाल्यावर. संस्थेला फोन करून विचारा: तुमची माणसं कुठल्या गावात राहतात, येत्या सहा महिन्यांत तिथं काय करणार, सामान कुठनं विकत घेता? खरं काम करणारा गावांची नावं घेऊन बोलतो, अडचणीही सांगतो. "आमच्याकडं खर्च शून्य, शंभरातले शंभर रुपये पोचतात" म्हणणाऱ्याला जरा जास्त विचारा. घरोघरी फिरणाऱ्या पोरींना पगार लागतो, गाडीला डिझेल लागतं, हिशेब लिहायला माणूस लागतो.

आणि हात जोडून एक विनंती, पावती मागा, हिशेब मागा, पण घेणाऱ्याचा फोटो मागू नका. साडीचं टोक धरून कॅमेऱ्याकडं बघायला लावलं होतं आम्हाला. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याला वाढलं, तिला ते फार लागतं.


गांधीनगर_कापडवाला
६ ऑक्टोबर

ताईंनी लिहिलेल्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझं गांधीनगरात घाऊक दुकान आहे. पूर आला की आमच्याकडे साड्या-चादरींची गिऱ्हाइकं वाढतात. माझाच धंदा असूनही सांगतो, दोनशे किलोमीटरवर कुणी मागितलेलं नसताना माझ्याकडून साड्यांचे गठ्ठे नेऊ नका. तिकडचा दुकानदारही माल भरून बसलाय, त्याच्याकडून घेऊ दे लोकांना.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत हेच झालं होतं, देशभरातून गेलेले कपडे रस्त्याकडेला पडून राहिले. जुने चांगले कपडे द्यायचेच असतील तर गूंजसारख्या संस्थेला वर्षात कधीही द्या. ते निवडतात, लावतात, कापडाचे पॅड शिवतात आणि लागेल तिथं पाठवतात. त्यांचं वर्षभराचं कामच ते आहे.

"परदेशात कशाला" यावर बोलायचंय. गांधीनगर आज जिथं आहे, त्या वळिवड्याच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियानं त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथं आली. ती परत गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहिली. माझे आजोबा त्यांतले. कोल्हापूरच्या मातीनं दोन देशांतल्या बेघरांना लागोपाठ जागा दिली म्हणून आज मी इथं दुकान चालवतोय. सिस्टर सुदानचं म्हणत असतील तर ते कोल्हापूरच्या रीतीला धरूनच आहे.


माढ्याचा_सागर
६ ऑक्टोबर

मी शिवाजी विद्यापीठात शिकतो, गाव माढा तालुक्यात, सीनेकाठी. परवाच घरून आलो. सोयाबीन आणि उडीद गेला हे टीव्हीवर दिसतं. न दिसणारं हे की काळी माती खरडून गेलीय, खाली मुरूम उघडा पडलाय. विहिरी गाळानं भरल्यात, मोटारी, पाइप, ठिबकच्या नळ्या वाहून गेल्या. दुभती जनावरं गेली, त्यांच्याबरोबर घरातला रोजचा पैसाही थांबला.

धान्याचे किट सध्या येतायत, ते बंद करा म्हणणार नाही. पण ज्वारी पेरायची वेळ हातची चाललीय, हरभरा आणि गहू अजून करता येईल. त्यासाठी बियाणं, डिझेल आणि विहिरीतला गाळ काढायला मजुरी लागणार. गिरणीवाल्या ताई म्हणतात तसं निम्मे पैसे मागे ठेवले तर नोव्हेंबरमध्ये त्यांचा उपयोग आजच्यापेक्षा जास्त होईल. आणखी एक, पोरांची दप्तरं आणि दाखले गेलेत. कुणी झेरॉक्स-फॉर्मचा खर्च आणि तालुक्याला हेलपाटे घालायचं गाडीभाडं दिलं तरी मोठी मदत आहे.


पेठेतला_तालीमवाला
६ ऑक्टोबर

सगळं वाचलं. पण आमच्या तालमीची पोरं रात्रंदिवस गोळा करतायत, त्यांनी काय घरी बसायचं? २०१९ ला पाण्यात उतरून माणसं काढली ती तालमीच्याच पोरांनी. पैसे पाठवून समाधान होत नाही, माणूस जायला पाहिजे. टेम्पो ठरलाय. त्यात काय घालू ते सांगा.


माढ्याचा_सागर
६ ऑक्टोबर

दादा, जरूर या. टेम्पो रिकामाच बार्शीपर्यंत आणा. बार्शीची बाजारपेठ चालू आहे. पेंडीची पोती, कडबा, ताडपत्र्या, फावडी, फिनेल सगळं तिथं मिळतं, आणि कोल्हापुरातून वाहून आणायचा खर्चही वाचतो. निघायच्या आधी ज्या गावात जाणार तिथल्या ग्रामसेवकाला नाहीतर सरपंचांना फोन करून किती घरं, किती जनावरं ते विचारा. रस्त्याकडेच्या गावांत पाच-पाच गाड्या थांबतात आणि आतल्या वस्तीवर एकही जात नाही, म्हणून आतलं गाव धरा. विहीर उपसायला चार दिवस दहा पोरं दिलीत तर त्याची किंमतच नाही.


निवृत्त_सिस्टर
७ ऑक्टोबर

काकूंनी जिच्याबद्दल लिहिलंय ती मी. सोलापूरला देऊ नका असं मी म्हटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की चौथा हिस्सा तरी तिकडे जाऊ दे.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि आरएसएफ या निमलष्करी दलाची लढाई चालू आहे. एक कोटीहून जास्त माणसांनी घरं सोडली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये उत्तर दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. आपल्याकडे त्याची बातमी आतल्या पानावरही क्वचितच असते. त्यातच अमेरिकेनं मदतीचा हात आखडला, यूएसएड ही त्यांची संस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली. तिथल्या गल्लोगल्लीची पोरं 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम' नावानं एकत्र येऊन सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, त्यांतली शेकडो पैशांअभावी या वर्षी बंद पडली. याच पोरांना गेल्या आठवड्यात राइट लाइव्हलीहुड पुरस्कार जाहीर झालाय. आपल्या तालमीच्या पोरांसारखीच ती आहेत, फक्त डोक्यावरून गोळ्या जातात.

मी नोकरीत असताना कुपोषित मुलांच्या दंडाला पट्टी लावून मोजायचे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की मूल धोक्यात. अशा मुलाला साधं अन्न पेलत नाही. त्याला शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं घातलेलं तयार पाकीट देतात, ९२ ग्रॅमचं, पाचशे कॅलरीचं. पाणी लागत नाही, चूल लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांत मूल उभं राहतं, त्याला साधारण दीडशे पाकिटं लागतात. ही पाकिटं घरातून गोळा करून पाठवता येत नाहीत. तिथं पैसाच लागतो, आणि तो युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स अशा आत पोहोच असलेल्यांकडेच द्यावा लागतो.


ताळेबंद
७ ऑक्टोबर

लक्ष्मीपुरीत माझं सीएचं काम आहे, तेवढ्यापुरतं सांगतो.

मुख्यमंत्री सहायता निधी किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला दिलेल्या रकमेवर आयकराच्या ८०जी कलमाखाली शंभर टक्के वजावट मिळते. नोंदणीकृत संस्थेला दिल्यास सहसा पन्नास टक्के, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर वजावट नाही. वस्तूंवर नाही. आणि नवी करपद्धत घेतली असेल तर ८०जी मिळतच नाही, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना करासाठी इकडचं-तिकडचं बघायची गरजच नाही. जिथं काम चांगलं, तिथं द्या. जुन्या पद्धतीत असाल तर साध्या पावतीवर थांबू नका, संस्थेकडून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, मागून घ्या. तो पुढच्या ३१ मेपर्यंत द्यायचा असतो.

संस्था पारखायची तर तिचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, ८०जीचा क्रमांक आणि गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. आयकर खात्याच्या आणि नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर नाव शोधा. तालीमवाल्या दादांनाही सांगतो, रस्त्यावर डबा फिरवून वर्गणी गोळा करताय तर गणपतीला घेता तशी धर्मादाय आयुक्तांची ४१ क ची परवानगी याही कामाला बघून घ्या. हिशेब फलकावर लावा.

क्यूआर कोड फॉरवर्ड आला असेल तर त्यावर पैसे टाकू नका. २०२० मध्ये पीएम केअर्स सुरू झाला तेव्हा एखाद-दुसरं अक्षर बदलून खोटे यूपीआय आयडी काढले गेले होते. संस्थेच्या किंवा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः जा, तिथूनच भरा, खात्याचं नाव पडद्यावर काय येतं ते वाचा. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर झाला की पैसे थांबवता येत नाहीत.

परदेशाचं: व्यक्ती म्हणून तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत देणगी पाठवू शकता, वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलर, तुमचा प्रश्नच नाही. लोकांच्या मनात ज्या एफसीआरएची भीती असते, तो कायदा परदेशातून इकडे येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. लहान रकमेला सोपं म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करायचा, पैसे भरायचे आणि पुन्हा बंद करायचा. जागतिक अन्न कार्यक्रमाचं 'शेअर द मील' अ‍ॅप त्यासाठी बरं आहे. परदेशातल्या संस्थेला थेट दिलं तर ८०जी नाही. आणि ज्या पानावर पैसे भरता तिथं सुदानचं आवाहन असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा, नाहीतर रक्कम त्या संस्थेच्या सर्वसाधारण कामात जाते. तेही वाईट नाही, पण सिस्टरना हवं ते होणार नाही.


राजारामपुरीची_काकू
८ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळ्या जणी बसलो आणि मी हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. गिरणीवाल्या ताईंचं वाचताना साड्या घेऊ म्हणणारीनंच मधे थांबवलं आणि म्हणाली, आपण दोन महिने पिठाच्या पिशव्या पाठवत होतो त्या वर्षी, कुणी सांगितलंच नाही. ताई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

ठरलं ते असं. १८,००० आत्ता, माढा-परांडा भागात आधीपासून महिला गटांचं काम करणाऱ्या एका संस्थेला. सागरकडून गावांची नावं घेऊन त्यांना फोन केला, बाई तिथल्याच एका वाडीवरून बोलत होत्या, मागे पंपाचा आवाज येत होता. हिशेबाचा अहवाल त्यांनी न कुरकुरता पाठवला. १८,००० बाजूला ठेवलेत, नोव्हेंबरच्या मध्याला त्यांनाच विचारून बियाण्याला की विहिरीच्या गाळाला ते ठरवू. १२,००० सुदानला. "परदेशात कशाला" म्हणणारी वळिवड्याचं वाचल्यावर थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली तिचे वडील लहानपणी त्या छावणीत दूध घालायला जायचे. तिनंच बारा हजारांचा आकडा काढला.

ताळेबंद, एक शेवटचं विचारते. पैसे सगळे माझ्याच खात्यात आहेत. मी एकदम भरले तर पावती बारा नावांवर मिळेल का? आमच्यातल्या तिघी अजून जुन्या करपद्धतीत आहेत.


ताळेबंद
८ ऑक्टोबर

नाही मिळणार. ज्याच्या खात्यातून रक्कम जाते त्याच्याच नावे पावती आणि १०बीई निघतं. संस्थेच्या वाट्याचे आत्ता दर डोई १,५०० आणि नोव्हेंबरात १,५०० होतात. ते प्रत्येकीला परत द्या आणि जिचे तिने आपापल्या खात्यातून, आपल्या पॅन क्रमांकासह भरू दे. सुदानचे मात्र तुम्ही किंवा सिस्टरनी एका कार्डावरून एकदम भरले तरी चालतील, तिथं वजावटीचा प्रश्नच येत नाही.


राजारामपुरीची_काकू
८ ऑक्टोबर

समजलं. शुक्रवारी सगळ्यांना फोन आणि पॅन कार्ड घेऊन माझ्याकडे बोलावते. दोघींना यूपीआय येत नाही, त्यांच्या सुनांनाही बोलावलंय.